खिडकी उघडण्याची परीक्षा

रेल्याला नर्स का व्हायचं आहे, असं कोणी विचारलं की तो "लोकांची सेवा करायची आहे" असं सांगायचा. हे उत्तर त्याने प्रवेशाच्या रांगेत आपल्यापुढे उभ्या असलेल्या मुलीकडून उचललं होतं आणि तिने तिच्यापुढच्या मुलीकडून. त्या वर्षी आमच्या गावातल्या नर्सिंगच्या शाळेत लोकांची सेवा करायला निघालेल्यांचा एवढा सुळसुळाट झाला होता, की सेवा करून घ्यायला लोक पुरतील का, अशी काळजी वाटावी.

खरी कारणं दोन होती. एक त्याच्या आईचं आणि एक त्याचं स्वतःचं. आईचं कारण साऱ्या गल्लीला पाठ होतं. त्याचं स्वतःचं कोणालाच माहीत नव्हतं, कारण ते कोणी विचारलंच नव्हतं.

आईचं कारण असं. रेल्याच्या आईच्या, म्हणजे स्तामेन्काबाईंच्या, सख्ख्या भावाचं, स्रेतेनमामाचं, पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. सगळं घर दवाखान्यात लोटलं. कोणाच्या हातात कॉफीचा पुडा, कोणाच्या हातात चॉकलेटचा डबा, रेल्याच्या वडलांच्या कोटात घरच्या आलुबुखाराच्या दारूची बाटली. रिकाम्या हाताने दवाखान्यात येणारा माणूस आमच्याकडे एकतर परदेशी असतो, नाहीतर बेशुद्ध. पण हे सगळं द्यायचं कोणाला, हे या घराला ठाऊक नव्हतं. कॉफीचा पुडा पांढऱ्या कोटातल्या एका भारदस्त गृहस्थांना दिला. त्यांनी तो फार प्रेमाने स्वीकारला आणि "सगळं छान होईल" असा धीरही दिला. मागाहून कळलं, की ते लिफ्टजवळची भिंत रंगवायला आले होते.

एवढ्यात समोरून शेजारची पेर्सिदामावशी गेली. हातात पर्सखेरीज काही नाही. तिची भाची एक्स-रे विभागात फरशी पुसायची. मावशी आत गेली, गुडघ्याचा फोटो काढून बाहेर आली, आणि जाता जाता या सगळ्यांकडे बघून म्हणाली, "अजून इथेच? अगं बाई!"

त्या "अगं बाई"ने स्तामेन्काबाईंच्या आयुष्याला वळण दिलं. रविवारी जेवणाच्या टेबलावर त्यांनी जाहीर केलं, "या घराला दवाखान्यात आपला माणूस पाहिजे." सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांनी रेल्याकडे पाहिलं. तो भरलेल्या मिरच्या खात होता.

"डॉक्टर करा की," मामा म्हणाला. त्याचे टाके दुखत होते आणि भाच्याच्या भवितव्याबद्दल तो उदार झाला होता.

"डॉक्टरला डोकं लागतं. ते याने बापाकडून घेतलंय," स्तामेन्काबाई म्हणाल्या.

बाप म्हणजे विटोमीर. तो निश शहराच्या रस्त्यावर बस चालवायचा आणि बोलण्याचं काम त्याने लग्नानंतर बायकोकडे सोपवलं होतं. "नर्स. चांगलं आहे," तो म्हणाला, आणि आठवडाभराचं बोलून झाल्यासारखा उठून झोपायला गेला.

आता रेल्याचं स्वतःचं कारण. ऑपरेशननंतर मामाला कुशीवर वळवायचं होतं. स्रेतेनमामा म्हणजे डोंगर. चार नातेवाईक चार बाजूंना ओढत होते आणि डोंगर मधोमध "आई गं" करत होता. तेवढ्यात सिस्टर बोसिल्का आल्या. रेल्याच्या कोपरापर्यंत जेमतेम पोचतील एवढी ती बाई. "व्हा बाजूला," त्या म्हणाल्या. मामाचा एक गुडघा उभा केला, एक हात छातीवर घेतला, चादरीची कड मुठीत धरली आणि नुसत्या मागे झुकल्या. डोंगर तव्यावरच्या धिरड्यासारखा अलगद उलटला. "अरेच्चा," मामा म्हणाला.

रेल्या बघत राहिला. पंधराव्या वर्षीच तो दाराच्या चौकटीला डोकं लागेल इतका वाढला होता, आणि त्या वाढलेल्या अंगाचा उपयोग आजवर कपबश्या फोडण्याखेरीज काही झाला नव्हता. शरीराच्या वजनाने कोणाला बरंही वाटू शकतं, ही गोष्ट त्याला त्या दिवशी कळली. घरी आल्यावर कित्येक दिवस तो झोपलेल्या विटोमीरवर सराव करत होता. विटोमीर डाव्या कुशीवर झोपायचा आणि उजव्या कुशीवर जागा व्हायचा. त्याने त्याबद्दलही कधी काही विचारलं नाही.

आता, "मला माणसं कुशीवर वळवायला आवडतात" हे काही मुलाखतीत सांगण्यासारखं उत्तर नाही. म्हणून लोकांची सेवा.

शाळेत तो एकटा मुलगा होता. पण त्याने फार बिघडलं नाही. बिघडलं ते पहिल्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी, कारण तो पांढरा कोट उतरवायला विसरला आणि तसाच गल्लीत शिरला. संध्याकाळपर्यंत अंगणातल्या द्राक्षांच्या मांडवाखाली बसायला जागा उरली नाही.

"डॉक्टर, जरा माझी पाठ बघता का?"

"काका, मी पहिल्या वर्षाला आहे. आम्हाला आज फक्त हात धुवायला शिकवलं."

"लाजतोय," काका बाकीच्यांना म्हणाले आणि शर्ट वर केला.

स्तामेन्काबाईंनी बीपीचं मशीन आणलं. त्या रोज सकाळी मांडवाखाली कॉफी ठेवायच्या, आणि कॉफीबरोबर मुलगा. पेर्सिदामावशीची खुर्ची ठरलेली. भाचीने दुसऱ्या गावी लग्न केल्यापासून तिचं दवाखान्यातलं वजन उतरलं होतं, आणि आता ती या घराशी फार गोड वागायची.

"एकशे तीस, खालचं ऐंशी," रेल्या म्हणायचा.

मावशीचा चेहरा पडायचा. "मशीन बिघडलंय."

"मावशी, हे चांगलं आहे."

"चांगलं? रात्रभर डोळ्याला डोळा नाही, सुनेने माझ्यादेखत सूपमध्ये पाणी ओतलं, आणि म्हणे चांगलं! परत घे."

मग तो परत घ्यायचा. सुनेची कथा रंगायची, दुसरी कॉफी पोटात जायची, आणि तिसऱ्या खेपेला आकडा मावशीच्या दुःखाला शोभेल इतका वर चढायचा. "बघ! मी म्हणत नव्हते?" असं म्हणून ती प्रसन्न होऊन घरी जायची, कारण वाटेत नणंदेला भेटायचं असायचं आणि नणंदेचं कालच एकशे साठ आलेलं असायचं. पोरांचे गुण काय, कोणीही सांगतं. आमच्याकडे मान आहे तो बीपीच्या आकड्याला.

या सेवेपायी रेल्याचा अभ्यास बुडत चालला. आतड्यांचा धडा त्याला एकदाही शेवटपर्यंत वाचता आला नाही, कारण दर खेपेला कोणीतरी आपली आतडी घेऊन यायचं. वर्गातल्या मुली तेवढ्यात जर्मन भाषा शिकायला लागल्या होत्या. निम्म्या वर्गाला श्टुटगार्टमधली नोकरी दिसत होती. रेल्याच्या घरी तोही विषय निघाला, आणि लगेच मिटलाही. "जर्मनीत भर हिवाळ्यात खिडक्या उघडतात," स्तामेन्काबाई म्हणाल्या. "मुद्दाम. रोज. माझा मुलगा नाही जायचा तिकडे मरायला."

इथे खऱ्या अडचणीकडे यायला हवं.

समोरासमोरची दोन दारं, नाहीतर खिडकी आणि दार, एकाच वेळी उघडं राहिलं की मधून जो वारा जातो त्याला आमच्याकडे प्रोमाया म्हणतात. इतर देशांत लोक हृदयविकाराने, अपघाताने, म्हातारपणाने मरतात. आमच्याकडे प्रोमायाने मरतात. कान दुखला, प्रोमाया. मान धरली, प्रोमाया. तोंड वाकडं झालं, मूल होईना, नवरा पळून गेला, तरी घरातली वडीलधारी बाई आधी विचारते, की खिडकी कोणी उघडी टाकली होती? विटोमीरच्या बसमध्ये भर जुलैत माणसं उकडून लाल व्हायची, पण एका बाजूची खिडकी उघडली तर दुसऱ्या बाजूची उघडायची कोणाची छाती नव्हती. स्तामेन्काबाईंचा मुलगा तर बनियन पँटमध्ये खोचल्याशिवाय, पायात सपाता घातल्याशिवाय आणि केस पुरते वाळल्याशिवाय कधी दुसऱ्या खोलीतही गेला नव्हता.

आणि शाळेतलं पुस्तक काय सांगत होतं? रुग्णसेवेची पहिली पायरी, खोलीत हवा खेळती ठेवणे.

प्रात्यक्षिक शिकवायला होत्या त्याच सिस्टर बोसिल्का. माणूस पलंगावर असताना खालची चादर बदलायची, हा त्यांचा लाडका पाठ. दार बंद करायचं, खिडकी उघडायची, रुग्णाला नीट पांघरायचं, मग पुढचं. रेल्या चादर अशी बदलायचा, की बाकीच्या मुली हातातलं टाकून बघायला यायच्या. एका झुकण्यात माणूस कुशीवर, चादरीला सुरकुती नाही. फक्त खिडकी उघडायला त्याचा हात जायचा नाही. तो दांडीपर्यंत पोचायचा, आणि कानात आईचा आवाज यायचा, "बाळा, घाम आलाय ना तुला?"

"तुझी चादर राणीच्या पलंगावर शोभेल," बोसिल्का म्हणायच्या. "पण राणी गुदमरून मेली आहे."

चौथ्या वर्षी, शेवटच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधी, त्यांनी त्याला बाजूला घेतलं. "हे बघ, लांबुळक्या. माझ्या वॉर्डात एक जागा रिकामी होतेय. मला तू हवा आहेस. पण पहिली पायरी चुकली, की परीक्षक पुढची बघत नाहीत, आणि मी पण त्यांच्यातच बसणार आहे. मी काही डोळे मिटून घेणार नाही. नापास झालास तर पुढच्या वर्षी ये. जागा काही वर्षभर तुझी वाट बघणार नाही."

त्या संध्याकाळी रेल्याने घरी सराव करायचं ठरवलं. आपल्या खोलीचं दार लावलं, खिडकीची दांडी धरली, डोळे मिटले आणि ओढली. खिडकीने एवढा आवाज केला, की ती बहुधा त्याच्या जन्मापासून उघडली नसावी.

स्तामेन्काबाई पीठ माखल्या हातांनी धावत आल्या. "काय झालं? काय जळतंय?"

"काही नाही आई. अभ्यास."

"खिडकीचा?"

"खिडकीचाच. परीक्षेत उघडायला सांगतात."

"आजाऱ्यांच्या खोलीत?" त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि खिडकी धाडकन लावली. "आणि याला शाळा म्हणतात! आजारी माणूस अर्धा मेलेला असतोच, उरलेला तुम्ही मारा."

"नाही उघडली तर नापास, आई."

हे ऐकून मात्र त्यांनी पिठाचे हात एप्रनला पुसले. चार वर्षं त्यांनी या कोटाला इस्त्री केली होती. आता शेवटच्या पायरीवर माल निसटतोय म्हटल्यावर त्यांनी आमच्याकडे कुठलीही समजूतदार बाई जे करील तेच केलं. दवाखान्यात ओळख शोधायला निघाल्या. आणि तिथे त्यांना कळलं, की दवाखान्यात आपला माणूस घुसवायचा तर आधी दवाखान्यात आपला माणूस लागतो.

तो त्यांना मांडवाखालीच सापडला. पेर्सिदामावशीला डॉक्टरांनी कधीचं सांगून ठेवलं होतं, की चार दिवस भरती व्हा, बीपीच्या गोळ्या नीट लावून देऊ. मावशी टाळत होती. भरती झालं असतं आणि आकडा साधा निघाला असता तर? स्तामेन्काबाईंनी तिचं मन वळवलं. परीक्षा व्हायची त्याच वॉर्डात, परीक्षेच्याच आठवड्यात. परीक्षेला रुग्ण लागणारच. तो परका कशाला?

"तू फक्त पडून राहा आणि तो म्हणेल ते कर," स्तामेन्काबाईंनी बजावलं.

"अगं, मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलंय. त्याने माझा पाय कापला तरी 'छान कापलास' म्हणेन!"

रेल्याला यातलं काही सांगायचं नाही, असं दोघींनी ठरवलं. पोरगं उगाच ताण घेईल.

परीक्षेच्या सकाळी त्याने पिशवीतून चिठ्ठी उचलली. 'पलंगावर असलेल्या रुग्णाची चादर बदलणे.' त्याचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच पहिली पायरी आठवून पुन्हा बाहेर आला. तिघे परीक्षक त्याला घेऊन बायकांच्या वॉर्डात शिरले. पुढे डॉक्टर त्रिफुनोविच, मागे बोसिल्का, त्यांच्या मागे शाळेचे एक मास्तर.

जून महिना होता. बाहेर दवाखान्याच्या आवारात लिंडनची झाडं फुलली होती. आत त्यांच्या वासाचा काही पत्ता नव्हता. सहा पलंग, सहा बायका, आणि खिडकी बंद. नुसती बंद नाही, फटीत टॉवेलाची वळकटी कोंबलेली. औषधं, कालचं कोबीचं सूप आणि कोलनवॉटर यांनी मिळून खोलीत आपलं राज्य स्थापन केलं होतं. परीक्षक दिसताच पाच बायकांनी एकदम डोळे मिटले. शिकाऊ पोराच्या हाती सापडायची कोणाला हौस?

सहावी मात्र खिडकीखालच्या पलंगावर उठून बसली होती. नवा गाऊन, ओठांना लाली.

"घाबरू नकोस रे, मी आहे!" पेर्सिदामावशी म्हणाली.

रेल्याने मान खाली घालून कोटाची बटणं तपासली.

"ही तुझ्या ओळखीची?" डॉक्टर त्रिफुनोविचनी विचारलं.

"सगळी गल्ली ओळखीची आहे, डॉक्टरसाहेब," मावशीने परस्पर उत्तर दिलं. "मलाच घ्या. हवं तसं लोळवा, मी चकार शब्द काढणार नाही."

डॉक्टरांनी बाकीच्या पाच मिटलेल्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि सुस्कारा टाकला. "घे हिलाच."

रेल्याने हात धुतले. पलंगापाशी उभा राहिला. शिकवल्याप्रमाणे म्हणाला, "नमस्कार. माझं नाव रेल्या. मी आज तुमची चादर बदलणार आहे."

"माहितेय रे. मी तुझे लंगोट बदललेत."

झोपलेल्या पाचही बायका खुदकन हसल्या. रेल्याने कान लाल होऊ दिले आणि जाऊन दार बंद केलं. मग खिडकीकडे आला. टॉवेलाची वळकटी काढली. दांडीवर हात ठेवला.

"काय करतोयस?" मावशीचा आवाज बदलला.

"खोलीत हवा घेतोय."

"हवा आहे की इथे. चांगली घट्ट हवा आहे."

"मावशी, ही पहिली पायरी आहे."

"माझी शेवटची असेल! माझे केस ओले आहेत, रेल्या! तुझ्या आईनेच सकाळी येऊन धुऊन दिलेत, परीक्षेत बरी दिसावी म्हणून!"

ओले केस! वॉर्ड खडबडून जागा झाला. पलीकडची म्हातारी कानावर उशी दाबून ओरडायला लागली. कोणी म्हणालं, माझी चुलती अशीच गेली, केस धुतले आणि पंख्याखालून चालत गेली. कोणी म्हणालं, पोलीस बोलवा. डॉक्टर त्रिफुनोविच, जे बेलग्रेडला शिकले होते आणि दोनदा व्हिएन्नाला परिषदेला जाऊन आले होते, त्यांनी आपली खुर्ची हळूच खिडकीच्या रेषेतून उचलून कोपऱ्यात नेली. "माझ्या मानेचं जरा जुनं दुखणं आहे," ते मास्तरांना म्हणाले. मास्तरांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. बोसिल्का हाताची घडी घालून रेल्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

रेल्याचा हात दांडीवरच होता, आणि आज कानात आईचा एकटीचा आवाज नव्हता, सहा जणींचा होता. उघडली तर या बायका तासभर चादरीला हात लावू देणार नाहीत. नाही उघडली तर संपलंच. पुस्तकात हवेचे फायदे दिले होते, पण ते या बायकांना सांगण्यात काय अर्थ होता? त्यांचा हवेवर राग नव्हताच. त्यांना प्रोमायाची भीती होती. आणि प्रोमायाबद्दल या खोलीत रेल्याइतकं कोणाला कळत होतं? तो तर स्तामेन्काबाईंच्या हाताखाली तयार झालेला.

त्याने दांडी सोडली. कपाटातून कोरडा टॉवेल आणला आणि मावशीच्या डोक्याला गच्च गुंडाळला.

"रुमाल कुठे आहेत तुमचे?" त्याने बाकीच्यांना विचारलं.

रुमाल उशांखालून निघाले. तो पलंगामागून पलंग फिरला. प्रत्येकीच्या डोक्याला रुमाल, कान झाकून, हनुवटीखाली गाठ. प्रत्येकीचं पांघरूण गळ्यापर्यंत. पलीकडच्या म्हातारीचा रुमाल त्याने दोनदा बांधला, कारण पहिल्या खेपेला डावा कान उघडा राहतोय असं तिचं म्हणणं पडलं. तिचं बरोबर होतं.

"आता ऐका," तो म्हणाला. "दार बंद आहे. खिडकी एकच आहे. वारा आत आला तर जाईल कुठून? प्रोमायाला दोन वाटा लागतात. एका वाटेने येतो तो नुसता वारा."

सहा रुमालांनी एकमेकांकडे पाहिलं. मुद्दा बिनतोड होता. प्रोमाया म्हणजे आरपार, हे त्यांच्या आयांनीच त्यांना शिकवलं होतं.

"दार नक्की बंद?" म्हातारीने विचारलं.

"मी स्वतः लावलंय."

"कडी?"

"दवाखान्याच्या दाराला कडी नसते, आजी."

"हं. थोडीशीच उघड मग."

त्याने दांडी ओढली. खिडकी उघडली. लिंडनचा वास आत आला आणि पलंगापलंगांवरून सावकाश फिरला. कोणी मेलं नाही. कोपऱ्यातून डॉक्टर त्रिफुनोविचनी एक खोल श्वास घेतला आणि कोणी बघितलं तर नाही ना, हे बघितलं.

नेमक्या त्याच क्षणी दार उघडलं.

स्तामेन्काबाई परीक्षक आत गेल्यापासून दाराला कान लावून उभ्या होत्या. आतला आरडाओरडा ऐकून त्यांनी मोठ्या कष्टाने दम धरला होता, पण आरडाओरडा एकदम थांबला, तसा त्यांचा धीर सुटला. हातात पेर्सिदासाठी आणलेला गिबानित्साचा ट्रे, चीजच्या थरांची गरम गरम पोळी. त्यांनी खांद्याने दार ढकललं, आणि सबंध दवाखान्याचा वारा त्यांच्यामागून आत घुसला.

पडदा आडवा झाला. डॉक्टरांच्या मांडीवरचे गुणांचे कागद उडून म्हातारीच्या अंगावर बसले. "प्रोमाया!" सहा बायका एका सुरात ओरडल्या. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी मान धरली.

"खिडकी!" स्तामेन्काबाई सगळ्यांत मोठ्याने ओरडल्या. "खिडकी लाव, बाळा! घामाने भिजलायस तू!"

खिडकी लावायला एक हात पुरला असता. रेल्याचा हात तिथेच होता. आणि आजवर आईने "लाव" म्हटल्यावर त्याने लावली नाही, असं कधी झालं नव्हतं.

"बाई," तो म्हणाला, "दार लावा."

"काय?"

"दार लावा. बाहेरून. भेटीची वेळ दोनला आहे."

वारा सोडला तर सगळं थांबलं. स्तामेन्काबाईंनी मुलाकडे असं पाहिलं, जणू हा पांढरा कोट घातलेला उंच इसम कोण, हे त्या आठवून बघत होत्या. "बाई?" त्या हळूच म्हणाल्या. मग एक पाऊल मागे सरल्या, आणखी एक सरल्या, आणि त्यांच्या मागे दार आवाज न करता लागलं.

पडदा खाली आला. रेल्या पलंगाकडे वळला. गुडघा उभा, हात छातीवर, चादरीची कड मुठीत, आणि मागे झुकला. पेर्सिदामावशी, जिला नुकतीच मरणाची खात्री होती, ती काही कळायच्या आत कुशीवर होती. जुनी चादर गेली, नवी आली, ती पुन्हा वळली, सुरकुती नाही.

"अय्या," मावशी म्हणाली. मग जरा थांबून, "परत कर ना."

परीक्षकांनी कोपऱ्यात डोकी जवळ आणली. वॉर्डात सगळं ऐकू येत होतं, कारण सगळ्या ऐकत होत्या.

"पहिली पायरी?" बोसिल्कांनी विचारलं.

"झाली," डॉक्टर मान चोळत म्हणाले. "मी साक्षीदार आहे. माझी मान आठवडाभर साक्ष देईल."

"पाच द्यायचे?" मास्तर म्हणाले. आमच्याकडे पाच म्हणजे सगळ्यात वरचे.

"चार," बोसिल्का म्हणाल्या. "नातेवाईकाला बाहेर काढताना 'कृपया' म्हटलं नाही." आणि रेल्याच्या जवळून जाताना, त्याच्याकडे न बघता, "पहिल्या तारखेला सकाळी सहाला. उशीर केलास तर तुलाही बाहेर काढीन."

स्तामेन्काबाई बोळातल्या बाकावर ट्रे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रेल्या शेजारी जाऊन बसला.

"बाई," त्या म्हणाल्या.

"परीक्षा होती, आई."

"इथे एकाने विचारलं, आतून तुम्हाला कोणी हाकललं? मी म्हटलं, माहीत नाही बाबा, कोणी ओळखीचा दिसला नाही." त्यांनी नाक ओढलं. "पास झालास?"

"झालो. जागाही मिळाली."

त्यांनी क्रूसाची खूण केली, त्याचं डोकं खाली ओढून त्याच्या कपाळाचा मुका घेतला, त्याच हाताने त्याचा बनियन पँटमध्ये खोचलेला आहे ना हे तपासलं, आणि ट्रे घेऊन उठल्या. "चल तर. पेर्सिदा उपाशी आहे."

"दोनला, आई."

"अरे पण आता तू पास झालास ना?"

"म्हणूनच दोनला."

त्या उभ्याच राहिल्या. चार वर्षांच्या इस्त्र्या, मांडवाखालच्या कॉफ्या, बीपीचं मशीन, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. मग त्या खाली बसल्या आणि ट्रेवरचं फडकं काढलं. दोनला बराच अवकाश होता आणि पोराने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. एक तुकडा त्याने खाल्ला, एक त्यांनी, मग आणखी एकेक. पेर्सिदामावशीला त्यातलं जेवढं उरेल तेवढं मिळणार होतं.

हळूहळू बोळ भरायला लागला. सुपाचे डबे, कॉफीचे पुडे, चॉकलेटं. एक म्हातारबाबा बायकोसाठी कोंबडीचं सूप घेऊन आले होते. त्यांनी बाकाच्या टोकाला बसून बंद दाराकडे बघितलं, मग स्तामेन्काबाईंकडे झुकून हलक्या आवाजात विचारलं, "तुमच्या ओळखीचं कोणी आहे का हो आत? जरा लवकर सोडलं असतं..."

स्तामेन्काबाईंनी शेजारी गिबानित्साचे कण टिपत बसलेल्या मुलाकडे पाहिलं.

"आहे," त्या ताठ बसून म्हणाल्या. "पण त्याचा काही उपयोग नाही."

आणि हे त्यांनी अशा तोऱ्यात सांगितलं, की म्हातारबाबांनी घाईघाईने टोपी काढली आणि त्यांना बाकावर आणखी जागा करून दिली.